साडेसहा किलोंचा पारगड

डिसेंबरच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही दोघी पारगडावर मुक्कामाला गेलो. माझ्या पाठीवर साडेसहा किलो वजन होतं आणि त्यातलं दोन किलो नुसतं पाणी. वीस-बावीस वर्षं डोंगरात हिंडते आहे, पण मुक्कामाच्या ट्रेकला इतकी हलकी सॅक मी कधी उचलली नव्हती. आमच्या जुन्या गटात तर सॅक जड असण्याचीच ऐट असायची. घासलेटचा स्टोव्ह, अॅल्युमिनियमचं मोठं टोप, तांदूळ, कांदे-बटाटे, आणि वर कुणीतरी हौसेने घेतलेला नारळ. चौदा-पंधरा किलो म्हणजे काय, काहीच नाही, असं बोलायची पद्धत होती.

आता तसं बोलता येत नाही. गेल्या वर्षभरात उजवा गुडघा उतरताना कुरकुरायला लागला. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, चाला, भरपूर चाला, चढायलाही हरकत नाही, पण ओझं घेऊन उतरू नका. उतारावर प्रत्येक पावलाला गुडघ्यावर अंगाच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो, त्यात पाठीवरच्या किलोंची भर. मी मनात हिशेब केला: ओझं नाही म्हणजे मुक्काम नाही. सकाळी जाऊन संध्याकाळी परत, एवढेच डोंगर आता आपल्या वाट्याला. त्यात जिच्याबरोबर एकोणीस वर्षं चालले ती मैत्रीण कंबरेच्या शस्त्रक्रियेनंतर मुलाकडे पुण्याला राहायला गेली. ट्रेक बंद पडायला एवढी दोन कारणं पुरेशी होती.

जूनमध्ये आमच्या शाळेत गणिताला नवी शिक्षिका आली. वय सत्तावीस. नाव छापायचं नाही या अटीवरच तिने मला हा लेख लिहू दिला आहे, तेव्हा तिला इथे गणितबाई म्हणते. मधल्या सुट्टीत ती एका छोट्या वहीत काहीतरी लिहीत असायची. मला वाटलं, चाचणीचे गुण. एकदा नजर गेली तर पानावर लिहिलं होतं: टॉर्च ७८, शिट्टी ९, मोजे ६२. मी विचारलं, "हे कसले गुण?"

"ग्रॅम, मॅडम."

तिथून सुरुवात झाली. या पद्धतीला अल्ट्रालाइट म्हणतात हे मला ऐकून माहीत होतं, पण ते परदेशातल्या महागड्या वस्तूंचं वेड असावं अशी माझी समजूत होती. तिने समजावलं ते असं. सॅकमधल्या ज्या वस्तू वाटेत संपत नाहीत त्यांचं वजन आधी वेगळं काढायचं. खाणं, पाणी आणि इंधन धरायचं नाही, कारण ते चालता चालता कमी होतं. अंगावरचे कपडेही धरायचे नाहीत. उरलं ते मूळ वजन. ते दहा पौंडांच्या, म्हणजे साधारण साडेचार किलोंच्या आत आलं तर त्याला अल्ट्रालाइट म्हणायचं. वजन कमी करायचं तर टूथब्रशपासून सुरुवात करायची नाही, तीन मोठ्या वस्तूंपासून करायची: सॅक, अंथरूण-पांघरूण आणि निवारा.

"आणि ब्रश अर्धा कापतात ते?" मी कुठेतरी पाहिलं होतं.

"ते फोटोपुरतं हो. पाच-सहा ग्रॅम वाचतात."

मला ती आवडली ती या उत्तरामुळे.

एका रविवारी ती स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घेऊन आमच्या घरी आली. माझं सगळं सामान हॉलमध्ये चटईवर मांडलं. आमचे हे आतून आले, बघून म्हणाले, "रुखवत मांडलंय का?" एकेक वस्तू काट्यावर चढली. माझी जुनी साठ लिटरची सॅक रिकामी असतानाच दोन किलो दीडशे ग्रॅम भरली. मला खरंच धक्का बसला. इतकी वर्षं मी दोन किलो नुसती पिशवी वाहत होते. स्लीपिंग बॅग एक किलो नऊशे. स्टीलची पाण्याची बाटली रिकामी ३८० ग्रॅम, तर दुकानात मिळणारी लिटरभर पाण्याची साधी प्लास्टिकची बाटली तीसच्या आसपास. टर्किश टॉवेल गेला, त्याच्या जागी पंचा आला. लेकीची कॉलेजची तीस लिटरची सॅक मिळाली, गणितबाईने तिची जादा पातळ स्लीपिंग बॅग दिली. फोमची चटई आम्ही कात्रीने कापली, खांद्यापासून मांडीपर्यंत पुरेल एवढीच ठेवली. पायाखाली रिकामी सॅक घालायची. नवीन विकत असं मी त्या दिवशी काहीच घेतलं नाही. हे मुद्दाम सांगते, कारण तुमच्यापैकी पुष्कळांना वाटतं की हलकं चालायचं तर आधी दहा-वीस हजार मोडायला हवेत. आधी काटा आणा. तो घरात असतोच.

खरा वाद झाला तो वाटणीवरून. दोघींनी जायचं तर एकच निवारा, एकच प्रथमोपचाराची पिशवी, एकच दोरी पुरते. वजन निम्मं होतं. पण याचा अर्थ असा की तुमच्या डोक्यावरचं छप्पर दुसरीच्या पाठीवर असतं. ती घसरली, रागावली, पुढे निघून गेली किंवा चुकली, तर तुम्ही उघड्यावर. माझ्या जुन्या मैत्रिणीबरोबर हा विचार कधी मनात आला नाही. तिच्याकडे काय आहे आणि ती कधी काय विसरते, हे मला पाठ होतं. हिला मी सहा महिने ओळखत होते, तेही शिक्षकांच्या खोलीतून.

गणितबाईला टॉर्चही एकच घ्यायचा होता. मी साफ नाही म्हटलं. टॉर्च, शिट्टी, पाणी, एक गरम कपडा आणि मूठभर खाणं ज्याचं त्याच्याजवळ. वाट चुकून दोघी वेगळ्या झालो तर रात्र काढता येईल एवढं प्रत्येकीकडे हवंच. ती म्हणाली, "७८ ग्रॅम आहेत मॅडम." मी म्हटलं, "असू देत की." तिने वहीत लिहून घेतलं आणि पुन्हा तो विषय काढला नाही. उलट तिने मला गप्प केलं ते चहावरून. मला सकाळी उठल्यावर चहा लागतो. स्टोव्ह, गॅसचा डबा, भांडं, पत्ती-साखर मिळून किलोच्या जवळ जात होतं. ती म्हणाली, गडावर वस्ती आहे, तिथे चहा मागू, पैसे देऊ. चूल मांडायची नाही, सगळं खाणं न शिजवता खायचं.

खाण्याचाही हिशेब होताच. कमी वजनात जास्त ऊर्जा हवी तर तेल-तूप-दाणे हवेत, कारण स्निग्धांशाच्या एका ग्रॅमला नऊ कॅलरी मिळतात, पिठूळ पदार्थांच्या ग्रॅमला चारच. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात. म्हणून दोन वेळची धपाटी, शेंगा चटणी, गूळ-दाणे, पातळ पोह्यांत मेतकूट कालवून बांधलेली पुडी, आणि सातूचं पीठ. सातूचं पीठ बघून मला हसू आलं. दुकानात हल्ली ट्रेकिंगचं खाणं म्हणून रंगीत पाकिटं मिळतात. ही पुडी आमच्या आजीने सहज ओळखली असती.

शेवटी माझं मूळ वजन तीन किलो आठशे भरलं आणि तिचं साडेतीनच्या आत. निवारा तिच्याकडे: पातळ नायलॉनची, दोऱ्या-खुंट्या धरून पाऊण किलोची ताडपत्री. प्रथमोपचार आणि खाली अंथरायचं प्लास्टिक माझ्याकडे.

हे सगळं डिसेंबरातलं आहे. जुलैच्या पावसात नुसत्या ताडपत्रीखाली झोपायला कुणी निघालं तर त्याला माझा आशीर्वाद नाही. सह्याद्रीच्या पावसाचं गणित वेगळं आहे.

बेळगावहून शिनोळी, पाटणे फाटा करत चंदगडला पोचलो, तिथून मिळालेल्या वाहनाने पुढे. गाडीरस्ता आता थेट पारगडपर्यंत जातो, पण आम्ही बरंच अलीकडे उतरलो आणि चालायला लागलो. भातं कापून झालेली, नाचणीची बुडखं उभी, काजूला कुठे कुठे मोहर फुटायला लागलेला. ऊन होतं, पण हवेत गारवा होता.

नव्या माणसाबरोबर चालताना पहिला तासभर कान आणि डोळे त्याच्याकडेच असतात. ती किती वेगाने चालते, बोलत चालते का, थांबते कुठे, पाणी कधी पिते. गणितबाई चढाला माझ्यापुढे सहज निघून जायची, पण प्रत्येक फाट्यावर थांबलेली दिसायची. मी पोचले की उठून चालायला लागायची. "दमलात का?" नाही, "सावकाश या" नाही. ही दोन वाक्यं माणसाला किती थकवतात हे पन्नाशी ओलांडल्याशिवाय कळत नाही. उताराचा एक लांब टप्पा आला तिथे मात्र ती पुढे गेली नाही. दहा पावलं खाली राहून त्याच चालीने उतरत राहिली. मी तिला तसं सांगितलं नव्हतं.

चालताना तिने मला एमा गेटवुडची गोष्ट सांगितली. १९५५ साली या अमेरिकन बाईने वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी अॅपलाचियन ट्रेल एकटीने, एका मोसमात, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून काढली. तीन हजार किलोमीटरच्या वर. अकरा मुलांची आई. खांद्यावर घरी शिवलेली डेनिमची पिशवी, पायात कॅनव्हासचे बूट, पावसासाठी न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. तंबू नाही, स्लीपिंग बॅग नाही. मी म्हटलं, आमची आजी वारीला जायची तेव्हा तिचं बोचकंही असंच असायचं: एक लुगडं, घोंगडी, तांब्या, चार दिवसांच्या भाकरी. काट्यावर कुणी ठेवलं नाही एवढंच.

"पण मॅडम, या दोघींना रात्री कुणीतरी घरात घेत होतं," गणितबाई म्हणाली. "हलकं चालायचं म्हणजे कुणाच्या तरी ओसरीच्या भरवशावर."

हे खरं आहे. एमा गेटवुड वाटेतल्या कितीतरी अनोळखी घरांत झोपली, जेवली. वारीची तर सगळी रचनाच गावागावांतल्या पंगतींवर उभी आहे. आपल्या पाठीवरून जे उतरतं ते बहुतेक वेळा कुणाच्या तरी चुलीवर जाऊन बसतं. सह्याद्रीत तर आपण वस्तीच्या जिवावरच हिंडतो, आणि शहरात परतल्यावर "गावातल्या लोकांनी पैसेच घेतले नाहीत" हे मोठ्या कौतुकाने सांगतो. मला ते कधीच फारसं पटलेलं नाही.

पारगड हा जागता गड आहे. नुसते बुरूज आणि तटबंदी बघायची सवय असलेल्यांना इथे घरं, अंगणं, तुळशी आणि कोंबड्या बघून गंमत वाटते. ज्याचं लग्न बाजूला ठेवून तानाजी मालुसरे कोंढाण्यावर गेले, त्या मुलाला, रायाजी मालुसऱ्यांना, शिवाजी महाराजांनी या गडाचे पहिले किल्लेदार नेमलं आणि गड वसता ठेवायला सांगितलं, असं इथे सांगतात. त्या वेळच्या घराण्यांचे वंशज अजून गडावर राहतात. भवानीचं देऊळ आहे, तळी आहेत. पण कुलूप लावलेली घरंही आहेत. तरुण मंडळी मुंबईला, गोव्याला, बेळगावला. सणाला घरं उघडतात.

एका आजींच्या खळ्यात ताडपत्री बांधायची परवानगी मागितली. त्यांनी चंदगडी बोलीत काहीतरी विचारलं, मला नीटसं कळलं नाही. गणितबाईचं आजोळ चंदगड तालुक्यातलंच, ती त्याच बोलीत बोलायला लागली आणि आजींचा चेहरा उजळला. ओसरी रिकामी आहे, आत झोपा, बाहेर थंडीत कशाला, असा आजींचा आग्रह. गणितबाईने पटवलं की आम्हाला ही ताडपत्री वापरून बघायची आहे, फार थंडी वाजली तर आत येऊ. चहा झाला. मग जेवणाचा विषय निघाला. नाचणीची भाकरी आणि आमटी घेऊ म्हटलं, पण पैसे किती ते आधी सांगा. आजी पैसे घ्यायला तयार नाहीत. "देवाच्या गडावर आलेल्या पोरींकडून काय पैसे घ्यायचे?" मला या जागी नेहमी अवघडायला होतं. गणितबाईने सरळ विचारलं, "नाचणी विकता काय?" विकत होत्या. प्रत्येकी एक किलो नाचणी घेतली, बाजारापेक्षा चार पैसे जास्त देऊन, आणि जेवणाचे पैसे त्यातच आले हे तिघींनाही न बोलता समजलं.

"किलो वाढला," मी म्हटलं.

"खाण्यात धरायचा. मूळ वजनात येत नाही."

ताडपत्री बांधायला तिला दहा मिनिटं लागली. एक कड झाडाला, दुसरी काठीवर, वाऱ्याच्या बाजूने खाली जमिनीपर्यंत ओढून आणि उलट बाजूला उंच. तंबूत झोपलं की आकाश दिसत नाही. इथे उघड्या बाजूने अर्धं आकाश आत येत होतं. पश्चिमेला अंधारात कोकणचं रान आणि फार लांबवर गोव्याच्या अंगाला दिव्यांचा पुसट पट्टा. त्या रात्री मिथुन राशीतल्या उल्का पडत होत्या. दरवर्षी १३-१४ डिसेंबरच्या सुमाराला पडतात. एरवीचे उल्कावर्षाव बहुतेक धूमकेतूंच्या धुळीमुळे होतात, पण हा फेथन नावाच्या लघुग्रहाच्या मागे राहिलेल्या कणांचा. हे गणितबाईने सांगितलं आणि मोजायला लागली. सव्वीसपर्यंत मोजलेलं मी ऐकलं, मग मला झोप लागली.

तीनच्या सुमाराला गुडघ्याने उठवलं. ताडपत्रीच्या आतल्या बाजूला दव धरलं होतं, हात लागला की थेंब पडायचे. उठून पाय पसरला, चोळत बसले. तीही जागीच होती.

"दुखतोय काय?"

"थोडा. चाललं की मोकळा होतो."

थोड्या वेळाने ती म्हणाली, "मॅडम, मला बेंगळुरूला बोलावलंय. मोठी शाळा आहे. मार्चनंतर."

मी काही बोलले नाही. बेळगावात तुमच्या पिढीकडून हे वाक्य ऐकायची सवय झाली आहे. माझ्या वर्गातली कितीतरी मुलं पुण्याला, बेंगळुरूला, गोव्याला गेली, आणि गेलीच पाहिजेत, इथे काय आहे असं आपण सगळेच म्हणतो. पण त्या रात्री माझ्या पोटात तुटलं. एकोणीस वर्षांच्या सोबतीनंतर एक नवी सोबत जुळेल की काय असं वाटायला लागलं होतं, आणि तिची मुदत तीन महिन्यांची निघाली. म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा कुणाच्या चालीशी चाल जुळवायची, पुन्हा टॉर्चवरून वाद.

"आईला सांगितलंस?"

"नाही अजून. आधी तुम्हालाच."

वारा वाढला होता. तिने उठून एक दोरी ताणली, माझ्या बाजूची कड खाली घेतली. मला झोप लागली नाही, पण थंडीही वाजली नाही.

दुसऱ्या दिवसाचा बेत तिचा होता. गडाखालून कोकणात मोर्ल्याला उतरणाऱ्या वाटेने जायचं, दोडामार्गला एसटी धरायची आणि तिलारी घाटाने बेळगावला यायचं. पाठीवर ओझं नाही म्हणून माझा गुडघा ती उतरण झेलेल, हा तिच्या सगळ्या मांडणीचा गाभा होता. वहीत त्या उतरणीचं वेगळं पान होतं. माझ्यासाठीही ती परीक्षाच होती. ती पार पडली असती तर मुक्कामाचे ट्रेक अजून काही वर्षं माझे, असं मी मनाशी धरलं होतं.

सकाळी चहा पीत होतो तेव्हा शेजारच्या घरातल्या काकांना खालून फोन आला. रात्री मोर्ल्याच्या अंगाला हत्ती बागांत आले होते, पहाटेपर्यंत तिथेच होते, आणि वनखात्याची माणसं लोकांना रानातल्या वाटांनी जाऊ नका सांगत होती. दोडामार्ग तालुक्यात २००२ च्या सुमाराला कर्नाटकातून हत्ती उतरले, तेव्हापासून तिथल्या शेतकऱ्यांना हे नवीन नाही. केळी, माड, पोफळी, भात, काय सापडेल ते जातं. माणसांचे जीवही गेले आहेत. लांबून आलेल्या माणसाला हत्ती म्हणजे फोटो वाटतो. गडावरच्या माणसांना तसं वाटत नाही, ते काकांच्या आवाजावरून कळत होतं.

मी तिच्याकडे बघितलं. आमच्या जुन्या गटात अशा वेळी कमीत कमी अर्धा तास गेला असता. कुणी म्हणालं असतं, थोडं उशिरा निघू. कुणी म्हणालं असतं, जाऊन तर बघू, आवाज आला तर परत फिरू. सगळं सामान वाहून आणलेलं असायचं ना. चौदा किलो पाठीवर घेऊन आलेल्या माणसाला परत फिरणं फार महाग वाटतं, हे मी स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्या बाबतीत अनेकदा पाहिलं आहे.

गणितबाईने चहाची बशी खाली ठेवली. "नको अक्का. आल्या वाटेने जाऊ."

एवढंच. तोंड पाडलं नाही, पुन्हा विषय उकरला नाही, माझ्या गुडघ्याचं कारण पुढे केलं नाही. ज्या पानासाठी तिने महिनाभर वजनं केली ते पान तिने एका मिनिटात मिटवलं. जोडीदार चढताना कसा आहे हे कुणालाही दिसतं. मला त्याचं परत फिरणं बघायचं असतं. ते आधी विचारून कळत नाही, कारण विचारलं तर सगळेच "हो, परत फिरू की" म्हणतात.

पायऱ्या उतरून इसापूरच्या बाजूला आलो. ती दहा पावलं पुढे. नाचणीसकट माझ्या पाठीवर आता साधारण सहा किलो असतील, पाणी अर्धं संपलेलं, धपाटी संपलेली. मोर्ल्याची उतरण नव्हे ही, पण उतरण होतीच आणि पुढे चालही भरपूर होती. गुडघा दुखला. दुखून पुन्हा मोकळा झाला. तीन-चार तासांनी एक टेम्पो मिळाला त्याने चंदगडला आलो, तिथून एसटी. गाडीत ती वहीत तीन रकाने आखत होती: वापरलं, वापरलं नाही, हवं होतं. वापरलं नाही या रकान्यात माझा जादा शर्ट आणि तिची दुसरी दोरी. हवं होतं मध्ये तिने लिहिलं: जाड मोजे. दोन टॉर्च वापरलं या रकान्यात होते. पहाटे दोघींना एकाच वेळी वेगवेगळ्या दिशेला जावं लागलं होतं, त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

रात्री पुण्याहून मैत्रिणीचा फोन आला. सगळी हकिकत ऐकून तिने एकच विचारलं, "उताराला कुठे असते?"

"पुढे. दहा पावलं."

"मग ठीक आहे." थोडं थांबून म्हणाली, "माझ्या काठ्या इथे नुसत्या पडून आहेत. पाठवते कुणाबरोबर तरी. हलक्या आहेत."

काठ्या आल्या. गणितबाईने त्या आधी काट्यावर ठेवल्या, मग वहीत लिहिल्या. बेंगळुरूचं तिने घरी सांगितलं आहे, आई दोन दिवस बोलली नाही, आता बोलते. मी एकदा विचारलं, तू गेल्यावर काय? ती म्हणाली, नववीतल्या दोघी मुली वजनकाट्याबद्दल विचारत होत्या, त्यांच्या आयांना भेटू. मी अजून हो म्हटलेलं नाही. पोरी फार बडबड्या आहेत.

नाचणीची भाकरी महिनाभर पुरली. मोर्ल्याच्या उतरणीचं पान तिने फाडलेलं नाही. वर तारीख घातली आहे, फेब्रुवारीचा शेवटचा शनिवार, आणि शेजारी बारीक अक्षरात: हत्तींना विचारून.